शाळेचं रिपोर्ट कार्ड वाचायचं कसं? (लेकीची पाचवी, दोन शाळा आणि एक फ्लेक्स)

पाचवीची_आई

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुलगी चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मिस्टरांची बदली सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालीये, म्हणजे जूनपासून तिची पाचवी तिकडे. गेल्या आठवड्यात घर बघायला गेलो तेव्हा म्हटलं शाळाही बघून घेऊ. एक हायस्कूल आहे, अनुदानित, पाचवी ते दहावी. एसटी स्टँडसमोरच त्यांचा फ्लेक्स: 'सलग सातव्या वर्षी १०० टक्के निकाल!' मुलांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि अध्यक्षसाहेब मंडळाच्या गणपतीएवढे. दुसरी जिल्हा परिषदेची केंद्रशाळा, पहिली ते आठवी. तिसरी इंग्रजी माध्यमाची, तिची फी ऐकून मिस्टरांनी गाडीला किक मारली. तेव्हा खरं म्हणजे दोनच.

घरी आल्यावर यूडायसच्या (सरकारची सगळ्या शाळांच्या माहितीची नोंद) साइटवरून दोन्ही शाळांची रिपोर्ट कार्डं काढली. केंद्रशाळेचं म्हणतं: पट १५२, शिक्षक ८, ग्रंथालय आहे, रॅम्प आहे, हात धुवायची सोय आहे, वीज आहे. हायस्कूलचंही सगळं 'आहे'च. म्हणजे दोन्हीकडे सगळं आहे. मग फरक काय? आणि यात शिकवतात कसं ते कुठे लिहिलंय? मला तरी सापडलं नाही.

तिसरी शंका माझ्या लेकीच्याच प्रगतीपुस्तकाची. सगळ्या विषयांत अ-२. खाली नोंद: 'परिसरातील घटकांविषयी कुतूहल दाखवते.' छान वाटलं. मग दिवाळीत जावेच्या मुलाचं पुस्तक बघितलं. तो दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या शाळेत, आणि नोंद तीच, काना-मात्रेचाही फरक नाही. आता हे कुतूहल माझ्या मुलीचं की छापखान्याचं?

मी कॉमर्सची आहे, बेरीज-वजाबाकी कळते. हे आकडे येतात कुठून तेवढं कुणीतरी सांगा.

केंद्रप्रमुख_निवृत्त

ताई, चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर, केंद्रावर, देखरेख. तुम्ही प्रिंट काढलेत ना, तसले कागद मी आधी हातानं भरले, मग ऑनलाइन भरले, मग दुसऱ्यांनी भरलेले तपासले. तेव्हा बसा निवांत.

आधी फ्लेक्स. बोर्ड शाळेला निकालाचा जो गोषवारा देतं त्यात रकाने असतात: नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, विशेष प्रावीण्य किती (७५ टक्क्यांच्या वर), प्रथम श्रेणी (६० च्या वर), द्वितीय (४५ च्या वर), नुसते पास किती, एकूण उत्तीर्ण आणि टक्केवारी. टक्केवारी म्हणजे उत्तीर्ण भागिले बसलेले. छेदात 'बसलेले' आहेत. आठवीत जे वर्गात होते ते नाहीत. फ्लेक्स वाचताना सगळे अंशाकडे बघतात, छेद कुणी बघत नाही, आणि सगळी कारागिरी छेदात असते.

कशी ते घरचंच सांगतो. माझा पुतण्या नववीत कसाबसा वर सरकला. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी भावाला बोलावून घेतलं. चहा पाजला. म्हणाले, 'पोराचं वर्ष वाया जायला नको, आपण १७ नंबरचा फॉर्म भरू, खाजगी बसू दे.' भावाला वाटलं सर किती काळजी करतात. दाखला हातात आला, पोरगं शाळेच्या पटावरून गेलं, बोर्डाच्या लेखी बहिःस्थ विद्यार्थी झालं. त्या वर्षी असे अकरा जण होते. निकाल लागला, शाळेचे सगळे पास, बँडबाजा, पेढे. पुतण्याला ४८ टक्के पडले. द्वितीय श्रेणी! म्हणजे त्याला ठेवला असता तरी शंभर टक्के झालेच असते. भाऊ अजून त्या रस्त्यानं जात नाही, बायपासनं जातो.

सगळ्या शाळा असं करतात असं माझं म्हणणं नाही. खरंच राबून शंभर टक्के आणणाऱ्या शाळा मी पाहिल्यात, संध्याकाळी सातपर्यंत दिवे चालू असायचे. दोन्हीतला फरक ओळखायची युक्ती सांगतो, ती तुमच्या हातातल्या कागदातच आहे. यूडायसच्या कार्डावर इयत्तावार पट असतो. साइटवर मागची वर्षं निवडता येतात. तीन वर्षांची कार्डं शेजारीशेजारी ठेवा आणि तिरकं वाचा: २०२२-२३ ची आठवी, २०२३-२४ ची नववी, २०२४-२५ ची दहावी. तीच मुलं वर चढत गेलेली दिसली पाहिजेत. ७१, ७०, ६८ असं असेल तर काही नाही, दोन-तीन दाखले कुठल्याही शाळेतून निघतात, बदल्या होतात, तुमचीच झालीये. पण ७१, ६९, ५४ असं दिसलं तर विचारायचं, पंधरा पोरं कुठं गेली?

आता त्या टक्केवारीचं पोट. २०१८ चा राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ चा ७७.१०. एका वर्षात बारा टक्के खाली. २०२० चा ९५.३०. आता महाराष्ट्रातली पोरं २०१९ पुरती मंद आणि पुढच्या वर्षी एकदम तल्लख झाली का? २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते, लेखीवरच सगळं. पुढच्या वर्षी ते परत दिले. शिवाय २०२० ला कोरोनामुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचे गुण सरासरीनं मिळाले. भाषेचं साधं गणित करा: पास व्हायला शंभरात ३५. अंतर्गत वीसपैकी शाळेनं वीस दिले तर लेखीत ऐंशीपैकी पंधरा पुरतात. म्हणून दहावीची टक्केवारी बघायची असेल तर 'पास' सोडा, प्रथम श्रेणीच्या वर किती ते विचारा. तो आकडा फ्लेक्सवर नसतो. कार्यालयातल्या गोषवाऱ्यावर असतो, आणि विचारला तर सांगतात. नाही सांगितला तर तेही उत्तरच.

यूडायसचं नंतर लिहितो. नातू लॅपटॉप मागतोय.

मुलुंडचा_आकडेशास्त्री

काकांनी छेदाचं बरोबर पकडलं. हीच गोष्ट विभागांच्या निकालाची. दरवर्षी बातमी, 'कोकण अव्वल'. २०२५ ला राज्य ९४.१० आणि कोकण ९८.८२. कोकणी माणूस म्हणून माझीही छाती फुगते. पण कोकण विभागीय मंडळ म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. मुंबई विभागात बसतात तीन लाखांच्या वर. एवढ्या मोठ्या आणि सरमिसळ गर्दीशी दोन जिल्ह्यांची तुलना करून 'अव्वल' म्हणण्यात काय हशील?

शाळेच्या पातळीवर तर विचारूच नका. दहावीला २० मुलं असलेल्या शाळेत एक नापास झाला की ९५ टक्के. त्याला परीक्षेच्या दिवशी कावीळ झाली असेल! दोनशेच्या शाळेत ९५ म्हणजे दहा नापास, तिथे मात्र काहीतरी बघण्यासारखं आहे. एका वर्षाचा आकडा कधी घेऊ नका, चार-पाच वर्षांचा घ्या.

आणि ते १०० टक्के गुणवाले. २०२५ ला २११ मुलांना पैकीच्या पैकी. आमच्या सोसायटीत लोक विचारत होते, मराठीच्या निबंधात शंभर कसे पडतात? नाही पडत हो. सहा विषयांतले चांगले पाच धरतात, आणि वर चित्रकला, शास्त्रीय नृत्य, लोककला, खेळ यांचे सवलतीचे गुण मिळतात. पोरं हुशारच असतात, त्यात शंका नाही. पण ती टक्केवारी म्हणजे उत्तरपत्रिकेचे गुण नव्हेत.

बीडचा_मास्तर

ताई, प्रगतीपुस्तकाचं मी सांगतो, मी अजून नोकरीत आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये हाच उद्योग करतो.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात दोन भाग. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालतं ते, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीला ७० आकारिक, ३० संकलित. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. सातवी-आठवीला उलटं, ४० आणि ६०. तुमची लेक चौथीत, म्हणजे शंभरातले साठ गुण बाईंच्या डायरीतले.

ते साठ कसे? आठ साधनं दिलीत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. शिक्षकानं विषयाप्रमाणे निवडायची आणि गुण वाटायचे. समजा गणितात मी तोंडीकामाला १०, उपक्रमाला १०, प्रकल्पाला १०, स्वाध्यायाला १० आणि चाचणीला २० ठेवले. तुमच्या लेकीला पडले ८, ९, ९, १० आणि १५, म्हणजे ५१. संकलितात चाळीसपैकी ३१. बेरीज ८२. श्रेणी ८१ ते ९० ला अ-२. ९१ च्या वर अ-१. खाली ७१ पासून ब-१, ६१ पासून ब-२, ५१ पासून क-१, ४१ पासून क-२, ३३ पासून ड, आणि त्याखाली इ-१, इ-२.

आता खरं बोलतो. यातले चाचणीचे १५ आणि संकलितातले ३१ हे पोरीनं कागदावर लिहून मिळवलेले. बाकीचे ३६ मी दिलेले. कुठल्या पोराला प्रकल्पात दहापैकी चार देणार? घरी वीज नाही, पुठ्ठा आणायला दहा रुपये नाहीत, तरी काहीतरी चिकटवून आणलंय. आठच देतो. म्हणून सगळ्यांचे आकारिक भाग एका उंचीवर येतात आणि सगळा वर्ग अ-२ आणि ब-१ मध्ये गोळा होतो. तुम्हाला लेकीचं खरं कळायला हवं असेल तर श्रेणी बघू नका, दोन कप्पे वेगळे मागा. आकारिक ५१ आणि संकलित ३१ यात फार अंतर नाही, बरं आहे. आकारिक ५५ आणि संकलित १६ असेल तर मात्र बसून बोला.

नोंदीचं काय सांगू. ४१ पोरं, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाला दोन्ही सत्रांत नोंद, शिवाय आवड-छंद, सुधारणा आवश्यक. सगळ्या जिल्ह्यांत त्या नोंदींच्या पीडीएफ फिरतात. 'कुतूहल दाखवते' ही माझ्याकडच्या पीडीएफमध्ये परिसर अभ्यासाची तिसरी ओळ आहे. जावेच्या मुलाचे गुरुजी आणि तुमच्या बाई एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असणार.

मी एक करतो. वर्गातली सात-आठ पोरं अशी असतात की ज्यांच्याबद्दल खरं काही लिहायचं असतं, त्यांची नोंद हातानं करतो. गेल्या वर्षी एकाला लिहिलं, 'वजाबाकीत हातचा घेताना शेजारच्या घरातून एक कमी करायचं विसरतो, बाकी सगळं येतं.' त्याच्या आईनं ते वाचून घेतलं आणि महिनाभर ज्वारीच्या दाण्यांवर सराव घेतला.

अजून एक, लेक पाचवीत जातेय म्हणून. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, २०२३-२४ पासून. पाचवीला विषयाला ५० गुण, ३५ टक्के लागतात म्हणजे १८. कमी पडले तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, तिथंही नाही जमलं तर त्याच वर्गात. घाबरायचं काही नाही, पण 'आठवीपर्यंत ढकलतात' हे आता खरं नाही.

केंद्रप्रमुख_निवृत्त

मास्तर, हातच्याची नोंद झकास.

ताई, आता यूडायस. तुम्ही त्यात शिकवणं शोधत होता म्हणून सापडलं नाही. ते शाळेचं प्रगतीपुस्तक नाहीच, शाळेचा सातबारा आहे. सातबारावर विहीर लिहिलेली असते, तिला पाणी आहे का ते बांधावर जाऊन बघायचं. २०१२-१३ पासून प्राथमिक-माध्यमिक सगळ्या शाळांना मिळून हा एकच फॉर्म झाला. प्रत्येक शाळेला अकरा आकडी नंबर, पहिले दोन २७ म्हणजे महाराष्ट्र, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. माहिती शाळेनंच भरायची, केंद्रप्रमुखानं तपासायची, तालुक्यानं पुढं पाठवायची. आणि माहिती कुठल्या दिवसाची? ३० सप्टेंबरची. त्या एका दिवसाचा फोटो.

'आहे' या शब्दाची एक गोष्ट. मी मुख्याध्यापक होतो तेव्हा एका वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहापुढं लिहिलं, 'आहे १, वापरात ०.' कारण भांडं फुटलेलं आणि पाणी नव्हतं. आठवड्याभरात वरून फोन. 'गुरुजी, तुमच्या एका शाळेपायी टक्केवारी अडलीय, शून्याचा एक करून टाका.' म्हटलं, 'भांडं बसवून द्या, लगेच करतो.' भांडं काही आलं नाही. पुढं कधीतरी साइटवर बघितलं तर तिथं एक होता. कुणी केला, आजतागायत मला माहीत नाही. भांडं शेवटी मीच गावातल्या गवंड्याकडून बसवून घेतलं, साडेआठशे रुपये लागले.

म्हणून शाळेत गेलात की तीन गोष्टी स्वतः बघा. मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे की कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडे असते. ग्रंथालयाची देवघेव वही, शेवटची तारीख कुठली. आणि रॅम्प. रॅम्प मी इतक्या तऱ्हेचे पाहिलेत की विचारू नका. एका शाळेत रॅम्प चढून वर गेलं की पुढं दोन पायऱ्या होत्या.

१५२ पटाला ८ शिक्षक म्हणजे एकास एकोणीस. चांगलं दिसतं. पण हे प्रमाण एकट्यानं वाचू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं प्राथमिकला साठ पटापर्यंत दोन शिक्षक. वाडीवरच्या १८ पोरांच्या शाळेत एकास नऊ येतं, परदेशातल्या शाळांनी हेवा करावा असं. प्रत्यक्षात एक गुरुजी बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन घरोघर, आणि दुसरा एका खोलीत पहिली ते चौथी चार वर्ग घेऊन, मध्येच पोषण आहाराचा तांदूळ मोजायला. केंद्रशाळेत तुम्ही एवढंच विचारा, आठ शिक्षकांपैकी सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक आहे का. दोन वर्षांत लेक तिथं पोचणार. ते पद रिकामं असेल तर मराठीचे गुरुजी विज्ञान शिकवत असतात. मन लावून शिकवतात बिचारे, पण प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप.

'शाळासिद्धी'ची श्रेणी कुणी दाखवली तर लक्षात ठेवा, ते स्वयंमूल्यमापन. सात क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येकाला तीनपैकी कुठला स्तर (तिसरा सगळ्यात वरचा) ते शाळेनंच ठरवायचं. हेतू चांगला होता, आपल्या उणिवा आपणच बघाव्यात. पण ज्या कागदावर आपलंच नाव आहे त्यावर तिसऱ्या स्तराऐवजी पहिला कोण लिहील? माझ्या केंद्रात एकाच बाईंनी लिहिला होता. त्यांच्या शाळेची श्रेणी केंद्रात सगळ्यात खाली, आणि माझी नात मी त्यांच्याच शाळेत घातली.

बीडचा_मास्तर

गुरुजींनी ३० सप्टेंबर म्हटलं म्हणून राहवत नाही. आमच्याकडं त्या दिवशी पट भरलेला असतो. पोषण आहार, गणवेश, सगळं त्या पटावर. दिवाळी होते, मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि ऊसतोडीला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, मागं पोरं. ४१ च्या माझ्या वर्गात डिसेंबरला २४ राहतात. काही हंगामी वसतिगृहात जेवतात आणि आजीकडं राहतात, काही थेट तुमच्या सांगली-कोल्हापूरच्या फडात. रिपोर्ट कार्डावर माझा वर्ग ४१ चाच. मार्चमध्ये पोरं परत येतात तेव्हा अपूर्णांक होऊन गेलेले असतात.

केंद्रप्रमुख_निवृत्त

मास्तर, ती पोरं मी दुसऱ्या बाजूनं पाहिलीत. कारखान्याजवळच्या कोप्यांतून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांतून, गोळा करून आणायचो. बसायची आमच्या वर्गात, नाव तुमच्या पटावर. एक पोरगी, आठ-नऊ वर्षांची, कडेवर भाऊ घेऊन दारात उभी राहायची, आत यायची नाही. भावाला आत घेऊन बाकावर बसवला तेव्हा आली. चार महिने ती आमच्याकडं शिकली. कुठल्याच कार्डावर नाही.

स्पष्टवक्ता_७०

एवढा कीस कशाला? पोरगं हुशार असेल तर कुठेही चमकतं. आम्ही कंदिलाखाली शिकलो. आणि महाराष्ट्र देशात पहिल्या फळीत आहे, केंद्राच्या निर्देशांकात हजारात ९२८ गुण मिळाले होते. उगाच सरकारी शाळांना नावं ठेवायची फॅशन आहे.

मुलुंडचा_आकडेशास्त्री

काका, सरकारी शाळांना इथं कुणीच नावं ठेवलेली नाहीत, वर वाचा. पण त्या ९२८ बद्दल बोलू.

तो पीजीआय, म्हणजे राज्यांच्या शालेय शिक्षणाला केंद्र सरकार गुण देतं तो निर्देशांक, २०२०-२१ चा. ९२८ खरे आहेत, केरळ आणि पंजाबलाही तेवढेच. पण हजाराची फोड बघा: अध्ययन निष्पत्ती १८०, शाळेची उपलब्धता ८०, भौतिक सुविधा १५०, समता २३०, आणि प्रशासकीय प्रक्रिया ३६०. म्हणजे मुलांना काय येतं याला १८० आणि कारभाराला त्याच्या दुप्पट. शिवाय ते १८० कुठल्या परीक्षेवरून? २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून. २०२०-२१ च्या गुणपत्रिकेत २०१७ चे गुण. पुढच्या वर्षी सूत्र बदललं, निष्पत्तीला २४० आणि प्रशासनाला १३० केले, आणि वरच्या श्रेणीत एकही राज्य उरलं नाही. शाळा त्याच, मुलं तीच.

आणि ताई, कुठली शाळा 'राष्ट्रीय सर्वेक्षणात आमचा अमुक नंबर' म्हणाली तर हसून सोडून द्या. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं 'परख' सर्वेक्षण असो की आधीची, ती नमुना पाहणी असते. परखमध्ये तिसरी, सहावी, नववीची काही शाळांतली काही मुलं निवडली. निष्कर्ष राज्याचा आणि जिल्ह्याचा निघतो, एका शाळेचा नाही. 'असर' नावाची पाहणी तर शाळेत होतच नाही, स्वयंसेवक खेड्यात घरोघर जाऊन मुलांना दुसरीचा उतारा वाचायला देतात. भाताची शितं चाचपून हंड्याचं कळतं, प्रत्येक शिताला गुण देत नाहीत.

पाचवीची_आई

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले, एकटीच. कार्डं तिरकी वाचून गेले होते.

हायस्कूल: आठवी ८३, नववी ८१, दहावी ६६. क्लार्कना विचारलं, पंधरा मुलं कुठं गेली? ते म्हणाले, 'पालकांच्या विनंतीवरून.' मी म्हटलं पंधरा पालकांची एकदम विनंती? त्यांनी पंखा वाढवला. प्रथम श्रेणीच्या वर किती विचारल्यावर मात्र त्यांनी गोषवारा काढून दाखवला, ६६ पैकी ३९. हे चांगलं की वाईट मला कळलं नाही.

केंद्रशाळा: गणित-विज्ञानाचे पदवीधर शिक्षक आहेत, दोन वर्षांपासून. स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली सातवीच्या मॉनिटर मुलीच्या गळ्यात, दोरीला. तिनं लगेच उघडून दाखवलं, पाणी होतं. ग्रंथालयाच्या वहीत शेवटची तारीख त्याच आठवड्याची, पण नावं सगळी सहावीतलीच. पाचवीच्या बाईंनी न मागता तीन मुलांच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. एकीत लाल शाईनं लिहिलं होतं, 'भागाकार परत कर, मधल्या सुट्टीत ये.' खाली मुलीच्या अक्षरात: 'आले होते.'

लेकीचे दोन कप्पेही मागवले. गणित आकारिक ५८, संकलित २३. आता भागाकार आम्हीही परत करतोय.

रॅम्प आहे. त्यावर मुख्याध्यापकांची बुलेट उभी होती.

केंद्रप्रमुख_निवृत्त

६६ पैकी ३९ ला हसू नका, तो वाईट आकडा नाही. शिकवतात तिथं. ते पंधरा ठेवून घेतले असते तर ३९ कुठं कमी होणार होते, एवढंच अध्यक्षांना कुणी सांगितलेलं नाही.

५८ आणि २३ बद्दल मास्तर सांगतीलच. बुलेट काढायला सांगितली का?

पाचवीची_आई

सांगितली. काढली. आता रॅम्पच्या खालच्या टोकाला लावलीये.